पावातलं बाळ

माझ्या नवऱ्याला 'नाही' हा शब्द म्हणता येत नाही. मुका नाही तो, बोलायला लागला की कावळ्यांनाही गप्प बसवेल. पण कुणी खांद्यावर हात टाकून "चँपियन, एक काम होतं" म्हटलं, की याची मान आपोआप खाली-वर हलायला लागते. रिंगणात हीच मान इतकी चपळ होती की समोरच्याचे ठोसे वाऱ्यावर जायचे. बॉक्सिंगमधल्या बँटमवेट गटाचा जगज्जेता होता अमादोर बारिएन्तोस. लोक त्याला 'ऐरण' म्हणायचे, कारण कितीही घाव घाला, गडी जागचा हलत नसे. आता कुणीही येतं, घाव घालून जातं, आणि हातोडासुद्धा आमच्याच घरातून मागून नेतं.

लोक मला विचारतात, ओतिलिया, एवढा पैसा गेला तरी कुठे? बायकांवर गेला नाही, बाटलीत गेला नाही, पत्त्यांत तर नाहीच. तसं असतं तर निदान भांडायला धड विषय मिळाला असता. मॅनेजरने एक तृतीयांश खाल्ला, तो सगळ्यांचाच खातो. बाकीचा गेला पाद्रिनो होण्यात.

बाप्तिस्म्याला पोराला एक पाद्रिनो लागतो, धर्मबाप. तेवढ्यावर भागतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण आमच्या पेराल्वियो वस्तीत प्रत्येक गोष्टीला पाद्रिनो लागतो. मुलीला पंधरावं लागलं की समारंभाला केकचा पाद्रिनो वेगळा, झग्याचा वेगळा, बँडचा वेगळा, सँडलचासुद्धा वेगळा. आणि पाद्रिनो म्हणजे सूट घालून फोटोत उभा राहणारा आणि बिल भरणारा. अमादोर एका शाळेच्या अख्ख्या सहावीच्या वर्गाचा पाद्रिनो आहे. एका रोट्या पाडायच्या मशीनचा आहे. नाबोरच्या मिनीबसचा आहे. फादरनी त्या बसवर पवित्र पाणी शिंपडलं तेव्हा हा शेजारी टाय बांधून उभा होता, आणि बसची पुढची दोन चाकं त्याच्या पैशांची होती. पाद्रिनो झालं की त्या घराशी कायमचं नातं जुळतं. ते लोक तुम्हाला कोंपादरे म्हणतात, बायकोला कोमादरे, आणि पुढच्या समारंभाला सगळ्यात आधी तुमच्याच दारात येतात. गावात निम्मे लोक अमादोरचे कोंपादरे आहेत. उरलेले निम्मे त्यांच्या सासुरवाडीचे आहेत.

लॉस एंजेलिसला त्याने किताब जिंकला तेव्हा आम्ही लिंदाविस्तात, श्रीमंतांच्या वस्तीत, दुमजली घर घेतलं. दारात लाल गाडी होती. पाच टॅक्सी घेतल्या. कागदावर मालक म्हणून आपलं नाव कशाला, म्हणून कोंपादरेंची नावं घातली. "विश्वास असतो, ओती," मला म्हणाला. त्या टॅक्सी अजून शहरात फिरतात. एकदा तर मी त्यातल्याच एकीत पैसे देऊन बसले. मग किताब गेला. मोंतेर्रेच्या शेवटच्या लढतीत उजवा डोळा गेला, त्यामागून घर गेलं, गाडी गेली, आणि आम्ही परत पेराल्वियोच्या चाळीत आलो. दोन खोल्या, मधे सगळ्यांचं मिळून एक अंगण. पुढे सरकारने नोटांवरची तीन शून्यं कापली तेव्हा बाजारात रडारड झाली. मी म्हटलं, आमची तर कधीच उडाली.

घर चालतं ते माझ्या तमालांवर. पहाटे तीनला उठायचं. मक्याचं पीठ चरबी घालून हात दुखेपर्यंत फेटायचं, त्यात डुकराचं मटण आणि मिरचीचा रस्सा भरायचा, मक्याच्या सालीत गुंडाळून पातेलंभर वाफवायचे. सोबत मक्याची गोड पेज. सहाच्या आत कोपऱ्यावर गाडा लागला पाहिजे. अमादोर गाडा ढकलतो, हे खरं. पण गिऱ्हाइकाने पाकिटाला हात घातला की हा म्हणणार, "राहू दे रे, माझ्याकडून!" माझ्याकडून म्हणे. पीठ माझं, खांदे माझे, झोपमोड माझी, आणि माझ्याकडून याच्याकडून.

तर गेल्या हिवाळ्यात त्याचा डावा डोळाही जायला लागला. गाडा ढकलता ढकलता खांबावर नेऊन आदळला. विचारलं तर म्हणाला, खांब पुढे आलाय. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आतला पडदा सुटत चाललाय, फेब्रुवारीत ऑपरेशन झालं तर डोळा वाचेल, नाही तर अंधार. सरकारी इस्पितळात नंबर लागेपर्यंत डोळा थांबणार नव्हता. खाजगी डॉक्टरांचे अर्धे पैसे माझ्या भिशीतून आले. गल्लीतल्या आम्ही बायका दर आठवड्याला पैसे टाकतो, माझी पाळी जानेवारीतच लागली. उरलेले अर्धे मिळायचे होते दोन फेब्रुवारीला.

दोन फेब्रुवारी म्हणजे कांदेलारिया, मेणबत्त्यांचा सण. त्या दिवशी आमच्याकडे तमाल खाल्ले नाहीत असं घर सापडायचं नाही. तमाल विकणारीला वर्षातला एक दिवस देवाने द्यायचा तर तो हा. आणि त्याच दिवशी दरवर्षी मी अख्ख्या चाळीला आणि गावभरच्या कोंपादरेंना तमाल फुकट वाढते. का? तर त्या बाळामुळे.

सहा जानेवारीला तीन राजांचा सण. त्या संध्याकाळी रोस्का कापतात, वेढ्यासारखा मोठा गोड पाव, वर साखरेतली फळं. पावाच्या पोटात करंगळीच्या पेराएवढी प्लॅस्टिकची बाळं दडवलेली असतात. हेरोद राजापासून बाळ येशूला लपवलं होतं ना, म्हणून. प्रत्येकाने आपला तुकडा आपण कापायचा. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल तो त्या बाळाचा पाद्रिनो, त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमाल घालायचे. हा नियम कुणी मोडत नाही. बाळच ते.

आणि शहरात मोठा भूकंप झाला, त्याच्या पुढच्या जानेवारीपासून ते बाळ दरवर्षी अमादोरच्याच तुकड्यात निघत होतं. आधी मी म्हटलं नशीब. मग म्हटलं फुटकं नशीब. मग एके दिवशी पीठ फेटताना डोक्यात उजेड पडला. याला नीट दिसत नाही. शेजारी बसलेला कुणीतरी आपलं बाळ याच्या पावात खुपसत असणार! आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हेच. माझ्या पिठाबाबत तर शब्दशः खरं.

मी सरळ पोन्सियानो बेकरीवाल्याकडे गेले.

"यंदाचा रोस्का माझ्याकडून. मोठा कर. पण आत बाळ नको."

पोन्सियानोने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "ओतिलियाबाई, बाळाशिवाय रोस्का म्हणजे नुसता पाव."

"मग नुसता पाव कर."

"पाप लागेल."

"मला लागेल. तू पावाचे पैसे घे."

"आणि बाळं कुठे ठेवू? तुमच्या वाट्याची तीन काढलीत मी."

"खिशात ठेव! माझ्या नवऱ्याच्या डोळ्याचा प्रश्न आहे, पोन्सियानो."

डोळ्याचं ऐकल्यावर त्याने लाटणं परत उचललं. त्याच्या मुलीच्या लग्नात बँडचा पाद्रिनो कोण होता, ते त्याला आठवलं असावं.

सहा तारखेला संध्याकाळी अंगणात टेबलं जोडली. गरम चॉकलेटचं भांडं मधे. सगळे आले. नाबोर आला, तोच मिनीबसवाला. इतका चिक्कू की बस उतारावर असली तर इंजिन बंद करतो. चोना आली. तिचं गल्लीत केस कापायचं दुकान आहे आणि जिभेला कात्रीपेक्षा धार आहे. तिच्या चारही पोरांचा पाद्रिनो अमादोरच. असतील शितं तर जमतील भुतं. मी मात्र त्या दिवशी देवळातल्या मूर्तीसारखी शांत बसले होते. कापा म्हटलं, हवं तेवढं कापा.

एकेकाने सुरी घेतली. प्रत्येक जण कापताना पावाच्या कडेने असा डोकावून बघत होता, जणू आत साप आहे. नाबोरने तर चतकोरसुद्धा कापला नाही, नखाएवढा तुकडा घेतला. अमादोरने चांगला जाडजूड तुकडा कापला, घास घेतला, चावला. मग थांबला. तोंडात दोन बोटं घातली, आणि हात वर केला.

"बाळ!"

अंगण दणाणलं. "चँ-पि-यन! चँ-पि-यन!" टेबलं बडवली, पोरं बाकांवर चढली. अमादोर दोन्ही हात वर करून उभा, लॉस एंजेलिसच्या फोटोत आहे तस्साच, फक्त पोट वेगळं.

माझ्या हातातलं चॉकलेट माझ्याच मांडीवर सांडलं.

मी त्याच्या दंडाला धरून त्याला स्वयंपाकघरात आणलं आणि दार लावलं.

"बाळ दाखव."

"कुठलं?"

"तुझ्या मुठीतलं! मूठ उघड, म्हाताऱ्या."

त्याने उघडली. बाळ जुनं होतं, दातासारखं पिवळं पडलेलं, डावा पाय कुणीतरी चावलेला. पोन्सियानोची बाळं पांढरीशुभ्र असतात.

"यंदाच्या पावात बाळ नव्हतंच. मीच नको म्हणून सांगितलं होतं."

अमादोरने मूठ मिटली. मग हसायला लागला! "म्हणजे तू मला हरवायला निघाली होतीस."

"मी तुझा डोळा वाचवायला निघाले होते, गाढवा! किती वर्षं चाललंय हे?"

तो स्टुलावर बसला. बोटांनी बाळाचा चावलेला पाय चाचपत राहिला.

"भूकंपात व्यायामशाळा पडली, आठवतंय? भिंतीवरचे माझे फोटो, पोस्टरं, सगळं ढिगाऱ्यात गेलं. त्यानंतर मला कुणी चँपियन म्हणायचंच बंद झालं, ओती. ज्याचं त्याला पडलं होतं, त्यांची काय चूक. आणि त्या जानेवारीत हे बाळ माझ्या तुकड्यात निघालं. खरंच निघालं, देवाशप्पथ. मी वर धरलं आणि अंगणातून जो आवाज आला! किताबाच्या रात्रीनंतर तसा आवाज मी ऐकला नव्हता. पुढच्या वर्षी मला भीती वाटली. नाही निघालं तर?"

"म्हणून खिशात घेऊन बसलास."

"म्हटलं एकदाच. मग दरवर्षी म्हणायचो, एकदाच."

"आणि मी पीठ फेटत बसते! डॉक्टर फेब्रुवारी म्हणालेत. उरलेले पैसे त्या एका दिवसाच्या विक्रीतून यायचेत, हे तुला रोज सकाळी सांगते. गेल्या वर्षीचं मटणाचं बिल आठव. डोळा नकोय का तुला?"

त्याने माझ्याकडे तोंड केलं, म्हणजे माझ्या आवाजाकडे.

"डोळ्याने काय बघायचंय आता? आत्ता कसं, आवाज झाला की मला अंगण भरलेलं वाटतं. सगळे आलेत असं वाटतं. डोळा बरा झाला तर कोण कोण आलं नाही, तेही दिसेल."

यावर शहाण्या बाईने त्याच्या केसांतून हात फिरवला असता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंचवीस वर्षं हा माणूस ठोसे खातोय, आधी हातमोज्यांचे आणि मग माणसांचे, आणि आता स्वतःच स्वतःला मारायला लागलाय! मी दार उघडून अंगणात आले.

"ऐका सगळे! या रोस्क्यात बाळ नव्हतं. मीच पोन्सियानोला घालू दिलं नाही. विचारा त्याला."

मला वाटलं, आता यांची तोंडं उघडी पडतील. पण नाबोरने नुसतं आपल्या कपात पाहिलं.

"कोमादरे," तो म्हणाला, "हळू बोला. त्यांना ऐकू जाईल."

"म्हणजे?"

"म्हणजे आम्हाला माहीत आहे ना," चोना म्हणाली. "एका रोस्क्यात बाळं तीन-तीन असतात. दरवर्षी कुणाला ना कुणाला निघतंच. पण चँपियननी आपलं वर धरलं की आम्ही आमचं खाली ठेवतो."

"खाली म्हणजे कुठे?"

"मी झंपरमध्ये. नाबोर गिळतात."

"एकदाच गिळलं होतं," नाबोर म्हणाला. "घशात अडकलं."

"इतकी वर्षं," मी म्हटलं, "इतकी वर्षं तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत..."

"असं काय करता, कोमादरे? कोंपादरेंना आवडतं ते. आम्ही आपलं त्यांच्या आनंदासाठी..."

"त्याला आवडतं आणि तुम्हाला परवडतं!"

यावर कुणी काही बोललं नाही. चोनासुद्धा नाही, आणि हे मी कॅलेंडरवर लिहून ठेवायला हवं होतं.

मग मी म्हटलं, "ज्यांच्या घरात बाळ असेल त्यांनी आत्ताच्या आत्ता घेऊन या. आणि असणार, मला माहीत आहे. बाळ येशूला केरात टाकायची कुणाची छाती आहे?"

कुणाचीच नव्हती. बाळ लपवतील, झंपरमध्ये कोंबतील, गिळतीलसुद्धा, पण टाकणार नाहीत. एकेक जण मान खाली घालून आपापल्या खोलीत गेला. कुणी काड्यापेटीतून आणलं, कुणी शिवणाच्या डब्यातून. चोनाने केसांच्या पिनांच्या बरणीतून दोन काढली. नाबोर बसकडे गेला आणि बऱ्याच वेळाने आला. त्याने आपली बाळं डॅशबोर्डवर ओळीने चिकटवली होती, ग्वादालुपे मातेच्या पायाशी, आणि आता चाकूने खरवडून काढून आणली होती. टेबलावर बाळांचा ढीग झाला. मी म्हटलं, नियम तुम्हाला माहीत आहे, एका बाळाला एकदा सगळ्यांना तमाल. इतक्या वर्षांचे राहिलेत. येत्या दोन तारखेला चाळीचे सगळे तमाल माझ्याकडून घ्यायचे, रोख पैसे मोजून. नाही म्हणाल तर फादरना सांगेन.

"बरं," नाबोर म्हणाला. त्याला किती यातना झाल्या ते त्याच्या कानांवरूनही कळत होतं.

मी जिंकले होते. मागे वळून पाहिलं तर अमादोर दारात उभा होता. तो हातांनी टेबलाची कड शोधत पुढे आला आणि ढिगाऱ्यावर बोटं फिरवली.

"ही सगळी खरी?" त्याने विचारलं.

"खरी, कोंपादरे," चोना पुटपुटली.

"मग तुम्ही जे ओरडायचात ते..."

"ते खरंच ओरडायचो आम्ही," नाबोर म्हणाला. घाईघाईने म्हणाला, पण म्हणाला.

अमादोरने मान हलवली. आपलं पिवळं बाळ त्याने त्या ढिगावर ठेवलं आणि आत जाऊन पलंगावर पडला, बुटांसकट. लोक पांगल्यावर मी ढीग आवरला. पांढरी बाळं देवळात नेऊन दिली. ते पिवळं मात्र का कोण जाणे, एप्रनच्या खिशात टाकलं.

दोन फेब्रुवारीला दुपारच्या आत पातेली रिकामी झाली. असा धंदा मी जन्मात केला नव्हता. त्या महिन्यातच ऑपरेशन झालं. पट्टी सुटली त्या दिवशी आम्ही चालत घरी आलो. अमादोर दुकानांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत होता, पहिलीतल्या पोरासारखा. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझे केस पांढरे झाले, मला कुणी बोललं नाही."

"तुला दिसत नव्हते म्हणून मीही रंगवत नव्हते," मी म्हटलं.

आणि त्यानंतर माझा नवरा 'नाही' म्हणायला शिकला. एप्रिलमध्ये एक जण बँडचा पाद्रिनो शोधत आला. अमादोरने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "नाही जमायचं." मी आत जाऊन मेणबत्ती लावली. मग दुसरा आला, त्यालाही नाही. गाड्यावर कुणाला फुकट द्यायचं बंद झालं. भिशीची पुढची पाळी जशीच्या तशी डब्यात राहिली. देवा, तू ऐकलंस, म्हटलं.

आणि घर असं झालं, कुणी वारल्यावर नऊ दिवसांच्या प्रार्थना संपून माणसं पांगली की असतं तसं. हात ओला तर मैत्र भला. यायचं कारण संपलं तसे लोक यायचे थांबले. अमादोर संध्याकाळी खिडकीत बसायचा आणि बघायचा. पूर्वी बघता येत नव्हतं तेव्हा दिवसभर बोलायचा. आता सगळं दिसायचं तर गप्प. महिन्यातून एखादं वाक्य. "ल्युपेचा मुलगा, ज्याचा मी पाद्रिनो, तो मला बघून रस्ता ओलांडतो." किंवा, "नाबोरची बस पूर्वी दारात थांबायची. हल्ली कोपऱ्यावर थांबते." मी म्हणायची, बरंय की, हॉर्नचा त्रास वाचला. तो म्हणायचा, हो. या 'हो'चा मला इतका राग यायचा की भांडी आपटायची. पूर्वी 'नाही' म्हणत नाही म्हणून आपटायची, आता 'हो' म्हणतो म्हणून. बाईला चैन म्हणून नाहीच.

यंदाच्या सहा जानेवारीला रोस्का लहान आणला. टेबल एकच पुरलं. नाबोर आला, चोना आणि तिची दोन धाकटी आली, चाळीतले चार-सहा जण. बाकीच्या खुर्च्या कुणी अंगणात आणल्याच नव्हत्या. पोन्सियानोला मी बाळाबद्दल काही सांगितलं नव्हतं. घालायचं तर घाल, नियम म्हणजे नियम.

अमादोरने आपला तुकडा कापला. मी शेजारीच होते. त्याच्या पावाच्या कडेतून बाळाचं पांढरं डोकं बाहेर आलं होतं, स्पष्ट दिसत होतं. त्यालाही दिसलं. ज्या डोळ्यासाठी मी रक्ताचं पाणी केलं त्या डोळ्याने त्याने आधी बाळाकडे बघितलं, मग टेबलाभोवती बसलेल्या एकेकाकडे, मग भिंतीपाशी जिथे कुणी नव्हतं तिथे. मग तो घास तोंडात टाकला. चावला नाही. कपभर चॉकलेट घेतलं आणि गिळला. मिशा पुसल्या.

"यंदा मला नाही आलं," तो म्हणाला.

"देवाची कृपा, कोंपादरे," नाबोर म्हणाला, आणि स्वतःच्या तुकड्याकडे संशयाने बघायला लागला.

इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी नवस बोलले ते झालं होतं. माझा नवरा इतरांसारखा शहाणा झाला होता. आणि मला तो पाव खाली जाईना. त्याला रिंगणात तीनदा खाली पडलेला पाहिलाय मी, तिन्ही वेळा उठला होता. आज बसल्या जागी आडवा झाला होता, आणि कुणी आकडेसुद्धा मोजत नव्हतं.

माझं डोकं फिरलं असणार, दुसरं कारण नाही. डोळ्यासमोर दोन फेब्रुवारीचा धंदा दिसत होता, मटणाचा भाव दिसत होता, डब्यातली भिशी दिसत होती. आणि हात एप्रनच्या खिशात गेला होता. मी पावाचा घास घेतला, तोंडाला हात लावला आणि उठून उभी राहिले.

"बाळ!" मी ओरडले. "मला आलं!"

पिवळं, चावलेल्या पायाचं बाळ. अंगणातल्या प्रत्येकाने ते ओळखलं. चोनाने तोंडावर हात ठेवला. नाबोर काही बोलणार होता, मी त्याच्याकडे असं बघितलं की तो शब्द त्याने गिळला, आणि गिळायची त्याला सवय आहे. अमादोर बाळाकडे बघत होता. मग माझ्याकडे. किती तरी वेळ, इतका की मला उभं राहायची लाज वाटायला लागली.

मग खुर्ची मागे पडली. तो उठला होता.

"ओ-ति-लिया!" लॉस एंजेलिसपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला. "ओ-ति-लिया! ओ-ति-लिया!" आणि टेबलावर मूठ आपटायला लागला. पहिली साथ चोनाने दिली. मग तिच्या पोरांनी. मग अख्खी चाळ दारांतून, गॅलरीतून ओरडायला लागली, येत नव्हते तेही आले. ओरडायला यांचं काय जातं? मटण मी आणणार. पातेली मी चढवणार. वर्षाचा धंदा माझा बुडणार, आणि वर हे मलाच आनंदाने बडवणार.

अमादोर ओरडता ओरडता ठसकला, डोळ्यांत पाणी आलं, पण थांबेना.

"आधी पाणी पी," मी त्याला म्हटलं, "प्लॅस्टिक अडकेल घशात. आणि दोन तारखेला पीठ फेटायला तू उठायचंस, चँपियन. मी झोपणार आहे."